नॉर्वेला दाखवलेली भाकरी

जग आमच्या शाळेत आलं ते खोक्यातून. खोक्यात फुगवायचा प्लास्टिकचा पृथ्वीगोल होता, रंगीत चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे होते आणि 'मी जगाचा नागरिक' असं छापलेले पांढरे टी-शर्ट होते. टी-शर्ट सगळे एकाच मापाचे. पाचवीतला जगाचा नागरिक गुडघ्यापर्यंत झाकला जायचा आणि दहावीतल्याची बेंबी दिसायची. गोलात हवा भरायची नळी हिंदी महासागरात होती. तिथूनच हवा गळायची आणि मधल्या सुट्टीपर्यंत सगळी पृथ्वी टेबलावर पिचकून पडायची. मी भूगोलाची बाई. माझ्या कपाटात लाकडी ठोकळ्यावरचा जुना गोल आहे. त्यावरचे काही देश आता राहिलेले नाहीत, पण निदान तो गोल तरी आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तो जुना आत ठेवा. फोटोत नवीन दिसला पाहिजे." मग फोटोपुरती पृथ्वी पुन्हा फुगवली.

आमचं हायस्कूल पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाकडे निघालं की रस्त्यालाच लागतं. मुलं वरच्या वाड्यांमधून उतरून येतात आणि मी महाडहून एसटीने. नोकरीला लागल्यापासून मी या खात्याची बरीच सोंगं पाहिली. आनंददायी पाहिलं, कृतिशील पाहिलं. डिजिटल पाहिलं, त्यात टॅब आले आणि कपाटातच मेले. आता आलं होतं जागतिक. पैसा कुठल्याशा कंपनीचा, कल्पना पुण्याची आणि राबायचं आम्ही.

प्रशिक्षण महाडच्या एका सभागृहात झालं. पुण्याहून तज्ज्ञ आला होता. माझ्या मुलाहून लहान, गळ्यात पट्टा, पायात कापडी बूट, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'राइट?' "आपली मुलं डोंगरात राहतात, राइट? त्यांना बाहेरचं जग माहीत नाही, राइट? पडद्यावर समोर आलेल्या अनोळखी माणसाशी कसं बोलायचं, डोळ्यांत कसं बघायचं, हे आपण त्यांना शिकवणार आहोत."

मला राहवेना. मी उभी राहिले. म्हटलं, "अहो, आमच्या निम्म्या मुलांचे बाप मुंबईला आहेत. रात्री जेवताना तांब्याला मोबाईल टेकवतात आणि बापाशी बोलतात. बापाच्या डोळ्यांत बघायला त्यांना पडद्याशिवाय दुसरी जागाच नाही. त्यांना तुम्ही हे शिकवणार?"

तो म्हणाला, "वा मॅम, सुंदर इनपुट!" आणि माझं वाक्य एका गुलाबी चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवलं. संपलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेजारच्या शाळेतले गणिताचे सर कानाशी येऊन म्हणाले, "बसा हो बाई, जेवणात श्रीखंड आहे." या श्रीखंडापायी या तालुक्यात आजवर कुणी कशाला विरोध केलेला नाही.

कार्यक्रम असा होता. नॉर्वेतली एक शाळा आमच्या शाळेशी जोडली जाणार. आमच्या मुलांनी आपल्या रोजच्या जगण्यातली एक गोष्ट फिल्म करून दाखवायची, मग तिकडच्या मुलांनी तीच गोष्ट त्यांच्याकडे कशी होते ते समोर करून दाखवायचं. तज्ज्ञ शाळेत आला तेव्हा त्याने मुलांना टाळ्यांच्या तालावर एक घोषणाही पाठ करून दिली. 'आम्ही दाखवतो, तुम्ही दाखवा!' म्हणाला, "हा जागतिक शिक्षणाचा पहिला नियम, राइट? एकतर्फी काही नाही. जो बघतो त्याने दाखवायचंसुद्धा." मुलांनी टाळ्या वाजवून शाळा डोक्यावर घेतली. नियम चांगलाच होता. तो कुणी खरा मानील असं मात्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

दहावीत माझी एक विद्यार्थिनी होती. वरच्या वाडीतली, बापाची एकुलती एक. बाप मुंबईला एका शाळेत शिपाई, आई इथे भात आणि दोन शेरडं सांभाळून. मुलगी बोलायची कमी, पण भूगोलात डोकं. तिच्या वाडीच्या मागच्या उतारावर जमिनीला एक भेग आहे. आमच्याकडे दरड हा धड्यातला शब्द नाही, माणसं घाट चढताना वर बघत चढतात. मी वर्गात सांगितलं होतं की भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, मध्ये दोरी बांधा. दोरी ताणली जाऊ लागली की समजायचं, जमीन सरकतेय. पोरांनी माना डोलावल्या आणि विसरून गेली. हिने खरंच खुंट्या ठोकल्या. रोज शाळेत येताना दोरीला बोट लावून यायची. तिला पुढे हेच शिकायचं होतं, डोंगर का धरतो आणि का सोडतो ते. त्यासाठी दहावीनंतर महाडला अकरावी सायन्स घ्यायचं होतं. वाडीतून आजवर एकही मुलगी अकरावीला महाडला गेली नव्हती.

आपल्या जगण्यातली गोष्ट म्हणून तिने अर्थातच भेग सुचवली. नॉर्वेतही डोंगर आहेत, तिकडची मुलं काय करतात ते विचारायचं, असं तिने लिहूनसुद्धा आणलं होतं. तज्ज्ञाने ते वाचलं आणि नाक मुरडलं. "खूप निगेटिव्ह आहे, राइट? तिकडची मुलं घाबरतील. संस्कृती दाखवू या ना! भाकरी! चुलीवरची!" मुख्याध्यापकांनी मान इतक्या जोरात हलवली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

मी म्हटलं, "तिच्या घरी गॅस आहे."

"गॅस फ्रेमबाहेर काढू," तज्ज्ञ म्हणाला.

आणि काढला की हो! मी तिथे होते. सिलिंडर शेजाऱ्यांच्या पडवीत नेऊन ठेवला. मागच्या दारी अंघोळीचं पाणी तापवायची चूल होती, ती सारवून घेतली. मुलीला लेझीमच्या पेटीतलं नऊवारी नेसवलं, नाकात खोटी नथ अडकवली. एवढं सगळं झाल्यावर कळलं की मुलीला भाकरी येतच नाही. तांदळाच्या भाकरीला पीठ उकडून गरम असतानाच मळावं लागतं, हात भाजतात. ही अभ्यासाची पोर. तिने थापलेली भाकरी परातीत ऑस्ट्रेलियासारखी पसरली आणि उचलताना फाटली. शेवटी आईने थापली, आईने तव्यावर टाकली, आणि फुगायच्या वेळी कॅमेऱ्यात मुलीचा हात घेतला. आईची भाकरी टम्म फुगली. तज्ज्ञ ओरडला, "ऑथेंटिक!" आई मला हळूच म्हणाली, "बाय, ह्याला घरी कोन जेवाय देत नाय का?"

ठरल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला. नॉर्वेकडे तेव्हा सकाळ होती. आमची फिल्म त्यांना दाखवली, तिकडच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांची पाळी. त्यांच्या शाळेत स्वयंपाकाची खोली आहे आणि मुलगे-मुली सगळे तिथे शिकतात. एक लाल गालांचा मुलगा ओट्याशी उभा राहिला आणि उकडलेल्या बटाट्याच्या पिठाची पातळ पोळी लाटू लागला. लांब पट्टीने ती तव्यावर टाकताना फाटली, तर तो स्वतःच हसला आणि दुसरी घेतली. म्हणाला, घरी शनिवारी मी आणि बाबा करतो. आमच्या मुलगे-मंडळींना हे ऐकून खोकला आला. माझी विद्यार्थिनी मात्र टक लावून बघत होती. तिने हात वर करून इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घराच्या मागे डोंगर आहे का?" तो मुलगा उत्तर द्यायला पुढे वाकला, तेवढ्यात तज्ज्ञाने घड्याळ बघितलं, दोन्हीकडच्यांना 'थँक यू, थँक यू' म्हटलं आणि जग बंद केलं. त्या पोराच्या घरामागे डोंगर आहे की नाही, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

इथवर नुसता मूर्खपणा होता. नुकसान पुढेच झालं.

मुख्याध्यापकांनी कौतुकाने ती भाकरीची फिल्म पालकांच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर गेली. आमच्याकडच्या प्रत्येक वाडीचं मुंबईत एक मंडळ असतं. रविवारी मंडळाच्या खोलीत बैठक भरते आणि गावात काय व्हायचं ते तिथे ठरतं. पालखी कधी निघणार, देवळाला रंग कुठला, कुणाची मुलगी कुणाला द्यायची. गावात राहणाऱ्यांना फक्त कळवतात. मुलीचा थोरला काका या मंडळात मोठा माणूस. आता या मंडळींच्या ग्रुपवर नऊवारी नेसून, नथ घालून, चुलीपुढे बसून भाकरी करणाऱ्या मुलीची फिल्म आली, तर ती कशासाठी आली असेल? नॉर्वेसाठी? छे! ते एकच समजले. मुलगी दाखवायला काढली आहे.

मार्चात परीक्षा झाली आणि स्थळ आलं. पलीकडच्या वाडीचं, डोंबिवलीला राहणारं कुटुंब. मुलगा कुरिअरच्या ऑफिसात कामाला. त्यांना म्हणे अशीच मुलगी हवी होती, चुलीवर भाकरी करणारी आणि वर परदेशाशी बोललेली. काकाने फोनवर आईला सांगून टाकलं, "फॅमिली चांगली हाय, पोरगा सेटल हाय. लगीन काय आता नाय करत, अठरा भरल्यावर करू. आता फक्त बोलून ठेवायचं. तवर पोरीला काकीकडं मुंबईला पाठव, शिवण शिकंल. अकरावी कशाला?" अठराच्या आत लग्न केलं तर पोलीस येतात हे यांना पक्कं पाठ आहे. म्हणून ही 'बोलून ठेवायची' नवी युक्ती काढलीय. लोणच्याच्या बरणीला नाव घालून ठेवावं तसं पोरीला नाव घालून ठेवायचं.

मुलीने मला फोन केला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, माझं महाडचं नाय होत आता."

मी आधी मुख्याध्यापकांना गाठलं. ते म्हणाले, "बाई, घरगुती बाब आहे. आणि निकाल चांगला लागला तर सत्कार आपण करूच." मग तज्ज्ञाला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो कसा, "वाव मॅम, म्हणजे फिल्म कम्युनिटीपर्यंत पोचली!" मी म्हटलं, "मुलीचं शिक्षण थांबतंय. तुम्ही येऊन सांगा की ती फिल्म कशाची होती." तर म्हणाला, "इथे आपण सेन्सिटिव्ह राहायला हवं, राइट? त्यांच्या संस्कृतीत आपण ढवळाढवळ करू नये." सिलिंडर उचलून शेजारच्या पडवीत ठेवताना ही संस्कृती कुठे गेली होती, असं मी विचारलं. त्याला म्हणे दुसरा कॉल येत होता. असल्या माणसांना नेहमीच दुसरा कॉल येत असतो.

मग रविवारी मी स्वतःच वाडीवर गेले. ऊन असं की चढ चढताना जीव अर्धा झाला. आईशी बोलावं म्हणून गेले, तर घरात धावपळ. मुंबईहून व्हिडिओ कॉल येणार होता. आधी मोबाईलवर बघायचं, पसंत पडलं तर गावाला यायचं, असं ठरलं होतं. आई मला म्हणाली, "बाय, बसा. तुमी असल्या तर पोरीला जरा आधार." तिचे डोळे सुजलेले होते. मी विचारलं, "तुम्हाला पटतंय का हे?" ती म्हणाली, "मला कोन इचारतंय?"

मोबाईल नेहमीसारखा तांब्याला टेकवला. पडद्यावर मंडळाची खोली दिसली. गावचे काही बापये तिथेच राहतात, पाळीने रांधून खातात; मुलीचा बापही त्यातलाच. पुढे काका, त्याच्या शेजारी मुलगा, मुलाचे आईवडील. मुलीचा बाप मागे कोपऱ्यात, मान खाली घालून. स्वतःच्या मुलीच्या बघण्याला हा मनुष्य पाहुण्यासारखा बसला होता. मला त्याचा मनस्वी राग आला.

नाव, गाव, शिक्षण झालं. मग मुलाची आई म्हणाली, "त्या व्हिडिओत केलीस ना गो, तशी भाकरी करून दाखव. आमी बघतो."

आईने पीठ उकडून ठेवलेलंच होतं. मुलगी परातीपुढे बसली. पिठाचा गोळा हातात घेतला आणि मोबाईलकडे बघितलं. वर्गात प्रश्न विचारायच्या आधी ती अशीच बघायची.

"दाखवते," ती म्हणाली. "पन आमाला शाळेत नियम शिकवलाय. आमी दाखवतो, तुमी दाखवा. माझी झाली की मंग यांनी करायची."

"कोनी?" मुलाची आई म्हणाली.

"यांनी." तिने मुलाकडे बोट केलं. "जो बघतो त्यानं दाखवायचं पन."

पलीकडे कुणीतरी हसलं. मुलाने कॉलर नीट केली. काका म्हणाला, "चेष्टेखोर हाय आमची पोरगी."

"चेष्टा नाय काका. नॉर्वेच्या मुलानं केली. तो माझ्याहून ल्हान हाय."

आणि तिने थापायला घेतली. हात भाजत होते, ओठ दाताखाली धरला होता. ऑस्ट्रेलिया झाला. उचलताना फाटला, तसाच तव्यावर टाकला. एका बाजूने करपलेली ती भाकरी तिने ताटलीत घेऊन मोबाईलपुढे धरली. "ही माझी. व्हिडिओतली आयची होती. आता तुमची."

मुलाच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "फसवलंत की आमाला!" ती काकाला म्हणाली. काका ओरडायला लागला. शिकून शेफारलीय, त्या शाळेच्या बाईंनी डोकं फिरवलंय. मी तांब्यापासून हातभर अंतरावर होते, मी सगळं ऐकलं आणि मला अतोनात आनंद झाला. मुलगा म्हणाला, "मला नाही येत भाकरी, आपण निघू या का?"

तेवढ्यात कोपऱ्यातला बाप उठला.

त्याने काकाच्या हातातून मोबाईल घेतला आणि ओट्यावर डब्याला टेकवला. "आज खोलीत भाकरीची पाळी माझीच हाय," तो म्हणाला. "त्यांना येत नाय, तर मी दाखवतो." परात ओढली, झाकून ठेवलेली उकड मळली, आणि दोन हातांवर फिरवत अशी भाकरी थापली की मला माझ्या सासूची आठवण झाली. कडेला चीर नाही. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आचेवर धरली. टम्म फुगली. मागे डोंबिवलीकरांच्या चपला घालण्याचा आवाज येत होता. बापाने तिकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. भाकरी मोबाईलपुढे धरून मुलीला म्हणाला, "झाली ना पाळी? मंग हिशोब पुरा झाला." आणि भावाला म्हणाला, "दादा, पोरगी अकरावी करंल. महाडला."

मी मुलीकडे बघितलं. ती भाकरीकडे बघत होती. आई मोबाईलकडे बघत होती, पदर तोंडाशी धरून. मला वाटलं, आता रडेल. तिने पदर खाली केला आणि विचारलं, "इतकी वर्सं शिमग्याला, गणपतीला घरी येता. ताटावर बसून भाकरीची वाट बगता. नि तुमाला भाकरी येते व्हय ओ?"

"आवाज येत नाय," बाप म्हणाला आणि परातीत दुसरा गोळा घेतला. रेंज गेली म्हणावं तर चित्र चांगलं हलत होतं.

कार्यक्रमाचा रंगीत अहवाल पुढे शाळेत आला. मुखपृष्ठावर मुलगी, नथ आणि आईची भाकरी. तज्ज्ञाला बढती मिळाल्याचं कळलं. तो हल्ली मुंबईत बसून आणखी मोठ्या शाळांना जग दाखवतो. पिचकलेला पृथ्वीगोल मी मधल्या सुट्टीत मुलांना खेळायला देऊन टाकला आणि माझा जुना गोल टेबलावर परत ठेवला.

गणपती झाल्यावर महाडच्या एसटी स्टँडवर मुलगी भेटली. अकरावी सायन्सची जाडजूड पुस्तकं छातीशी धरून पोलादपूरच्या गाडीची वाट बघत होती. मी आधी दोरीचं विचारलं.

"ताणली नाय बाई अजून. रोज बघते."

"आणि बाबा आले होते का गणपतीला?"

"आले ना." ती हसायला लागली. "पहिल्या दिवशी जेवायच्या येळंला आयनं परात उचलून त्यांच्या म्होरं ठेवली, नि आपन ताट घेऊन बसली. काकापन होते, सगळी भावकी होती. म्हनाली, इतकी वर्सं आमी दाखवली, आता तुमी दाखवा."

"मग? केली?"

"केली बाई. पहिली आयला वाढली."